नानबान व्यापार

साधारण १५४३ ते १६३९ या काळात पोर्तुगीजांचा जपानशी जो समुद्री व्यापार चालला त्याला हे नाव आहे. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी.

सुरुवातीच्या वर्षावर वाद आहे. पोर्तुगीज लेखक गाल्व्हाव १५४२ सांगतो, तर जपानी ‘तेप्पोकी’ वृत्तांत दक्षिण जपानमधल्या तानेगाशिमा बेटावर जहाज लागल्याचं वर्ष १५४३ देतो. तेप्पोकी १६०६ च्या सुमाराचा, घटनेनंतर साठेक वर्षांनी आणि बेटाच्या सरदार घराण्याच्या गौरवासाठी लिहिलेला, त्यामुळे त्यातलं सगळंच जसंच्या तसं घेता येत नाही, पण वर्षापुरते बरेच अभ्यासक त्याच्याकडेच झुकतात आणि ते पटण्यासारखं आहे. पोर्तुगीज ज्यातून आले ते जहाज मात्र पोर्तुगीज नव्हतं, चिनी जंक म्हणजे शिडाचं जहाज होतं. गावच्या मुख्याने काठीने वाळूत अक्षरं काढून विचारलं, हे कोण लोक? जंकवरच्या चिनी विद्वानानेही वाळूतच लिहून उत्तर दिलं, की हे व्यापारी आहेत, हाताने जेवतात, पेल्यांची देवाणघेवाण न करता पितात, अक्षरांचा अर्थ यांना कळत नाही. दोन संस्कृतींच्या या पहिल्या गाठीचं इतकं जिवंत चित्र दुसरीकडे सापडणं कठीण.

बेटाचा सरदार तोकिताका याने या पोर्तुगीजांकडून दोन तोड्याच्या (पेटत्या वातीने उडवायच्या) बंदुका घेतल्या. त्या आल्या कुठून, हाही वादाचाच विषय. जपानी बंदुकीत चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने जामगी (पेटती वात) रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, आपटते, ही रचना गोवा-मलाक्का भागातल्या बंदुकांशी जुळते, म्हणून मूळ नमुना थेट युरोपातला नसून आशियात घडलेला असावा हे मत जास्त सयुक्तिक वाटतं. बेटावरच्या लोहाराला नळीचं मागचं टोक स्क्रूने बंद करणं जमेना, ते पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी लोहाराकडून शिकावं लागलं असं तेप्पोकी म्हणतो.

चीनच्या मिंग दरबाराने जपानशी थेट व्यापार बंद ठेवला होता, त्यामुळे मकावहून चिनी रेशीम आणून जपानी चांदी न्यायची हा धंदा पोर्तुगीजांच्या हाती आला. जहाज गोव्याहून मलाक्का, मकाव करत जायचं आणि १५७१ पासून नागासाकीला लागायचं.

व्यापाराबरोबर ख्रिस्ती मिशनरीही आले. मिशनऱ्यांनी जपानी रीतिरिवाज पाळावेत की नाही यावर काब्राल आणि व्हालिन्यानो या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंचं चांगलंच वाजलं, पाळावेत म्हणणारा व्हालिन्यानो वरचढ ठरला. १५८२ मध्ये त्याने चार जपानी मुलांना युरोपला धाडलं, परतताना त्यांच्यातल्या हारा मार्तिन्योने १५८७ मध्ये गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं. त्याच वर्षी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला.

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना बंदी झाली, १६४० मध्ये विनवणीसाठी मकावहून आलेल्या शिष्टमंडळातल्या ६१ जणांना मारलं, आणि १६४१ मध्ये डचांना हिरादो बंदरातून नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर हलवलं.