द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या आणि आपली वाईन

नाशिकच्या वाईनचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "द्राक्षाला तर थंडी लागते ना, मग इथे कशी काय होते?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला मनापासून आवडतं, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. द्राक्षाचं मद्य आपल्याकडे युरोपियन लोकांनी आणलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि त्यात कापिशायन, हारहूरक अशी नावंसुद्धा दिलीत. आत्ताची इंडस्ट्री मात्र तरुण आहे. १९८०च्या दशकात नारायणगावला शातो इंडाज ही वाईनरी, म्हणजे वाईन बनवणारा कारखाना, सुरू झाली, मग कर्नाटकात नंदी हिल्सजवळ ग्रोव्हर, नंतर नाशिकला सुला. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि वाईनरी वाढल्या. इंडाज पुढे कर्जात बुडाली, सुला २०२२ मध्ये शेअर बाजारात आली.

आता खरी गंमत. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे ज्यातून नवी फूट येते त्या कळ्यांना, पुरेशी थंडी मिळाली की ती झोप मोडते आणि वसंतात डोळे एकदम फुटतात. वर्षाला एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल नीट झोपतही नाही आणि नीट उठतही नाही, तशीच सोडली तर शेंड्याकडचे डोळे फुटतात आणि खालचे तसेच राहतात. म्हणून आपले बागायतदार वर्षातून दोनदा छाटतात.

पहिली एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी. जुन्या काड्या खरडून काढायच्या, नव्या काड्या येऊ द्यायच्या. या नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या काही आठवड्यांत जे घडतं ते मला थक्क करतं. आत पेशींचा एक बारीकसा उंचवटा तयार होतो आणि तो घडही होऊ शकतो किंवा बाळीही, बाळी म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू. दोघांचं मूळ एकच! सायटोकायनिन या संप्रेरकाचा जोर असेल तर घड, जिबरेलिनचा असेल तर बाळी. भरपूर ऊन आणि ऊब मिळाली तर पारडं घडाकडे झुकतं, आभाळ भरून राहिलं तर घड कमी. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत किती घड तोडायला मिळणार हे बरंचसं उन्हाळ्यातच ठरून जातं, आणि तेव्हा वेलीवर एक फूलसुद्धा नसतं.

दुसरी गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची, पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरला. आता पिकलेल्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटायला हवेत, पण थंडी तर मिळालेली नाही, म्हणून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते डोळ्यातल्या, हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेज एन्झाइमला अडवतं, मग पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं, श्वसन बिघडतं आणि या धक्क्याने डोळा जागा होतो. वेलीला थंडी सोसल्याचा भास झाला म्हणा. हेच रसायन माणसाच्या शरीरात अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमलाही अडवतं, त्यामुळे ते हाताळणाऱ्याने आगेमागे दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. ग्लोव्हज, मास्क लागतातच.

एवढं सगळं साधल्यावर द्राक्षं पिकतात ती आपल्या हिवाळ्यात, म्हणून वाईनला लागणारा आंबटपणा टिकतो. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं पण मॅलिक आम्ल वेल श्वसनात जाळून टाकते आणि गरमीत जास्त जाळते.

"रोज ग्लासभर रेड वाईन हृदयाला चांगली" हे फॉरवर्ड मात्र कृपया पुढे पाठवू नका. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचं एवढं कौतुक होतं ते वाईनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅमच असतं, आणि अल्कोहोलमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. वाईन म्हणजे औषध नव्हे.

वाईनच्या बागायतदाराची खरी काळजी ऑक्टोबरच्या पावसाची असते. पाऊस लांबला की गोडी छाटणी लांबते, छाटणी लांबली की घड मार्चच्या उन्हात पिकतात, साखर भराभर चढते आणि वाईनरीत द्राक्षं पोचेपर्यंत मॅलिक आम्ल बरंचसं जळून गेलेलं असतं.