वजनगट ओलांडून मोठं कोण?

२५ जून १९५२ च्या रात्री न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये, रिंगवरच्या दिव्यांखाली, पारा ४० अंश सेल्सिअसच्या घरात होता. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सनचं वजन साधारण ७१.५ किलो. समोर लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता जोई मॅक्सिम, ७८.५ किलोंचा. दहा फेऱ्यांनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यांनाच उष्मा सोसेना आणि त्यांच्या जागी दुसरे पंच आणावे लागले. तेरा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता. चौदाव्या फेरीसाठी मात्र त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. नोंदीत त्याच्या नावापुढे पराभव लागला.

वेगवेगळ्या वजनगटांतले जुने मुष्टियोद्धे एका यादीत बसवायचे असतील, तर माझ्या मते या पराभवाचं मोल कितीतरी विजयांपेक्षा जास्त आहे. ते का, हे समजायला आधी वजनाचं गणित पाहावं लागतं.

सर्वांत सरळ वाटणारा उपाय म्हणजे ताकदीला वजनानं भागणं. पण शरीर असं सरळ हिशेबानं वाढत नाही. १६३८ मध्ये गॅलिलिओनं दाखवून दिलं की आकार वाढला की वजन लांबीच्या घनात वाढतं, आधार देणाऱ्या हाडाचा छेद मात्र वर्गातच वाढतो. स्नायूंचंही तेच, कारण स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. थोडक्यात, ताकद वजनाच्या दोन-तृतीयांश घातात वाढते. म्हणून १०२ किलोंचा माणूस ५१ किलोंच्या माणसाच्या दुप्पट ताकदीचा नसतो, साधारण १.६ पट असतो. १९५६ मध्ये वेटलिफ्टिंगच्या विक्रमांवरून लिट्झके या संशोधकानं काढलेला घातांक या सिद्धांताच्या दोन-तृतीयांशाच्या अगदी जवळ आला होता. अर्थात दर किलोमागे मोजलं तर लहान चणीचा माणूस सुमारे पाव हिश्शानं जास्त ताकदवान ठरतो. नुसता भागाकार केला तर यादीच्या वरच्या सगळ्या जागा फ्लायवेटवालेच, म्हणजे अगदी हलक्या गटातलेच, पटकावतील.

शिवाय ठोसा म्हणजे वजन उचलणं नव्हे. १९८५ मध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचं मोजमाप झालं. त्याची मूठ सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर वेगानं आदळली आणि बल ४,०९६ न्यूटन भरलं. चारशे किलोंहून जास्त वजनाचा भार एका क्षणात पडावा तेवढं हे बल. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांचे ठोसे मोजले गेले. मुठीचा सरासरी वेग निघाला ९.१ मीटर प्रतिसेकंद. जड गटांतल्यांचा ठोसा जोरदार होता खरा, पण त्याचं मुख्य कारण मुठीचा वेग नव्हतं. ठोशामागे शरीराचं जेवढं वस्तुमान प्रत्यक्ष कामाला लागतं, तेवढं त्यांच्याकडे जास्त होतं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सरासरीनं हे उपयोगी वस्तुमान जेमतेम तीन किलो भरलं. टाचेपासून कंबर, खांदा, कोपर आणि मनगटापर्यंतची साखळी नेमक्या क्षणी ताठ झाली तर त्यात भर पडते, कुठे ढिली राहिली तर घट होते. कौशल्य म्हणतात ते बरंचसं इथं असतं, आणि ते काट्यावर दिसत नाही. दुसरीकडे, ठोसा खाणाऱ्याचं डोकं शरीराच्या प्रमाणात वाढत नाही. हेवीवेटचा ठोसा बराच जड, पण त्याचं डोकं फ्लायवेटच्या डोक्याहून थोडंच मोठं. त्यामुळे जड गटांत नॉकआऊट जास्त होतात, आणि नुसत्या नॉकआऊटच्या आकड्यांवरून दोन गटांतल्या माणसांची तुलना केली तर हेवीवेटला फुकटचं झुकतं माप मिळतं.

मग बुद्धिबळात वापरतात तसं एलो गुणांकन का नको? कारण त्या पद्धतीत गुण प्रतिस्पर्ध्याकडून प्रतिस्पर्ध्याकडे वाहत जातात. फ्लायवेट आणि हेवीवेट एकमेकांशी लढतच नाहीत, तेव्हा दोन्ही गट म्हणजे वेगवेगळी बेटं. त्यांच्यामध्ये पूल बांधतात ते वजनगट ओलांडून वर चढलेले मोजके मुष्टियोद्धे. संगणकावर काल्पनिक लढत खेळवली तरी ही अडचण सुटत नाही. १९७० मध्ये मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो या दोन हेवीवेट जगज्जेत्यांची अशी ‘संगणकीय’ लढत चित्रपटगृहांत दाखवली गेली. दोघे एकाच गटाचे, तरी अमेरिकेत मार्सियानो जिंकला आणि युरोपातल्या आवृत्तीत अली.

म्हणून मी कल्पनेपेक्षा या पुलांवर भर देतो, आणि वजनातला फरक किलोत न मोजता टक्क्यांत मोजतो. पाच किलोंची तफावत ५० किलोंच्या माणसाला दहा टक्के पडते, १०० किलोंच्या माणसाला पाचच. मघाच्या नियमानं दहा टक्के जास्त वजन म्हणजे साडेसहा टक्के जास्त ताकद. मॅक्सिमपुढे रॉबिन्सन नेमका एवढा मागे होता, आणि तरीही त्यानं तेरा फेऱ्या वर्चस्व राखलं.

मग तो का कोसळला? मोठ्या शरीराला वजनाच्या मानानं त्वचा कमी मिळते, म्हणजे उष्णता बाहेर टाकणं मॅक्सिमला जास्त अवघड जायला हवं होतं. पण स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेतला बहुतेक भाग उष्णताच होतो. रॉबिन्सन सतत हलत होता, ठोसे मारत होता. मॅक्सिम कवळ घालून आपलं जास्तीचं वजन त्याच्यावर टाकत होता आणि स्वतःची शक्ती वाचवत होता. त्या रात्री रॉबिन्सनचं कौशल्य कमी पडलं नाही. त्याच्या शरीराला उष्णतेचा हिशेब झेपला नाही.

हा काही एकटा पुरावा नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये रॉबिन्सन आपल्याहून सुमारे सात किलोंनी, म्हणजे अकरा टक्क्यांनी जड असलेल्या जेक लामोटाकडून हरला, तीन आठवड्यांत त्यालाच हरवलं, आणि त्यानंतर जुलै १९५१ पर्यंत कुणाकडूनही हरला नाही. लामोटाशी झालेल्या सहा लढतींपैकी पाच त्यानं जिंकल्या. शेवटच्या विजयानं, १९५१ मध्ये, त्याला मिडलवेटचं, म्हणजे मधल्या वजनगटाचं, जगज्जेतेपद मिळालं. इतके भक्कम पूल दुसऱ्या कुणाच्या नावावर मला दिसत नाहीत. माझ्या यादीत पहिला क्रमांक त्याचाच.

दुसरा हॅरी ग्रेब. मिडलवेटच्या या माणसानं १९२२ मध्ये आपल्याहून जड असलेल्या जीन टनीला हरवलं. टनी पुढे तेव्हाच्या जगज्जेत्या जॅक डेम्प्सीला नमवून हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि कारकिर्दीत ग्रेबशिवाय कुणाकडूनही हरला नाही. पुढच्या भेटींत टनीनं ग्रेबवर मात केली, हेही धरायला हवं. ग्रेबच्या एकाही लढतीचं चित्रीकरण उरलेलं नाही. त्याच्या सुमारे तीनशे लढतींपैकी अनेकींत अधिकृत निकालच नसे, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं वार्ताहराचं मत हाच निकाल. याचमुळे त्याला पहिला म्हणायला मी धजावत नाही.

तिसरा हेन्री आर्मस्ट्राँग. १९३८ मध्ये फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशी तिन्ही जगज्जेतेपदं एकाच वेळी त्याच्याकडे होती. त्याची तीन मोठी, की अलीकडच्या मॅनी पॅकियाओची आठ गटांतली? आर्मस्ट्राँगच्या काळी मुख्य गट आठ होते, आज सतरा आहेत आणि प्रत्येकात चार-चार संघटनांचे पट्टे. पायऱ्याच बुटक्या झाल्या. पण पॅकियाओकडे दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. आता वजन आदल्या दिवशी होतं, आणि रात्रभरात पाणी-अन्न घेऊन मुष्टियोद्धा कितीतरी जड होऊन रिंगमध्ये उतरतो. २०१० मध्ये टेक्ससला अँटोनियो मार्गारिटो पॅकियाओपुढे उभा राहिला तो असाच, सात किलोंहून जास्त जड होऊन. पॅकियाओनं त्याला बारा फेऱ्या झोडपलं. फ्लायवेटमध्ये जगज्जेता झालेल्या माणसानं! चौथी जागा त्याची.

अलीला मी पाचवा ठेवतो, आणि इथं माझी पद्धत लंगडी पडते हे मान्य करतो. हेवीवेटला वर चढायला गटच नसतो, त्यामुळे त्याला पूल बांधायची संधीच मिळत नाही. त्याच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा एवढंच हाती राहतं. जॉर्ज फोरमननं १९७३ मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं आणि पुढच्या वर्षी केन नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवलं. या दोघांनीही आधी अलीला हरवलं होतं, आणि नॉर्टननं तर त्याचा जबडाही मोडला होता. तरी आफ्रिकेतल्या किन्शासात, ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, अलीपुढे आठव्या फेरीत खाली पडला तो फोरमन.