हक्काची वाट आणि परवानगीची वाट: इंग्लंडमधल्या धबधब्यांकडे जाताना

इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅम परगण्यात टीज नदीवर हाय फोर्स नावाचा धबधबा आहे. काळ्या डोलेराइट खडकाच्या कड्यावरून साधारण २१ मीटर खाली पाणी कोसळतं. तिथे दोन काठांनी दोन वाटा जातात. उत्तर काठाची जमीन रेबी इस्टेट या खाजगी मालमत्तेची. तिथे तिकीट काढायचं, झाडीतून उतरणाऱ्या रुंद, नीट राखलेल्या वाटेने थोडं चालायचं, की तुम्ही धबधब्याच्या पायथ्याशी. दक्षिण काठाने पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट जाते. त्याला तिकीट नाही आणि बंद व्हायची वेळही नाही. बोलीसजवळ विंच ब्रिज हा झुलता पूल लागतो, त्यावरून एका वेळी एकानेच जायचं. पलीकडे गेलं की लो फोर्स या लहान धबधब्यापासून नदीच्या कडेने दोन-अडीच किलोमीटर वर चालायचं. इथून धबधबा दिसतो तो कड्याच्या उंचीवरून. हाय फोर्सपाशी नदी ओलांडायला पूल नाही, त्यामुळे कोणता काठ धरायचा हे गाडी लावण्याआधीच ठरवावं लागतं.

हा फरक बहुतेकांच्या लक्षात ‘एक विकतचा, एक फुकटचा’ एवढाच राहतो. लीड्स किंवा न्यूकॅसलहून सहलीला निघालेल्या मराठी मंडळींतही ‘पैसे कशाला भरायचे, पलीकडून जाऊ’ हा सल्ला आपुलकीने दिला जातो. पण पैशाचा मुद्दा दुय्यम आहे. दक्षिणेची वाट जनतेच्या हक्काची आहे आणि उत्तरेची मालकाच्या मर्जीची. इंग्लंडभर रानातल्या आणि धबधब्यांच्या वाटांमध्ये हाच भेद आहे, आणि पायाखालच्या मातीवरून तो अजिबात कळत नाही.

हक्काची वाट, म्हणजे पब्लिक फुटपाथ, कोणाच्या शेतातून, कुरणातून, अगदी घराच्या अंगणाजवळून गेली तरी कायद्याच्या लेखी तो रस्ताच असतो. जमीन विकली गेली, मालक बदलला, तरी वाट तशीच राहते. ती बंद करायची किंवा वळवायची तर कायदेशीर आदेश काढावा लागतो. शेतातून आडवी जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो, पण हंगामातल्या पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत ती चालण्याजोगी करून द्यावी लागते. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आणि फाटकं नीट ठेवणं ही जमीनमालकाची जबाबदारी आणि वाटेचा पृष्ठभाग कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, अशी साधारण वाटणी असते. या वाटांची नोंद कौन्सिलच्या ‘डेफिनिटिव्ह मॅप’वर, म्हणजे अधिकृत नकाशावर, असते. ही व्यवस्था १९४९ च्या कायद्याने आली.

ती आपसूक आलेली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम, उघडपणे चढून गेले. तेव्हा ते पठार शिकारीसाठी राखीव होतं आणि सामान्यांना तिथे मज्जाव होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे २४ एप्रिललाच, १९६५ साली, पेनाइन वे अधिकृतपणे खुला झाला. आज टीजच्या काठाने कोणालाही न विचारता चालता येतं, त्यामागे हा झगडा आहे, आणि इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांनी तो जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

परवानगीची वाट, म्हणजे परमिसिव्ह पाथ, दिसायला हुबेहूब तशीच. पाटी असते, बाण असतो, कधी पब्लिक फुटपाथपेक्षा वाटही चांगली असते. पण मालकाने ‘या’ म्हटलं म्हणून तुम्ही तिथे असता. तो वेळ ठरवू शकतो, कुत्र्यांना मनाई करू शकतो, झाडतोडीच्या दिवसांत वाट बंद ठेवू शकतो, तिकीटही लावू शकतो.

अशा काही वाटांवर वर्षातून एखादा दिवस फाटकाला कुलूप लागतं. ते पाहून लोकांना मालक खडूस वाटतो, पण त्यामागचं कारण कायद्यात आहे. १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार एखाद्या वाटेवरून लोक सलग २० वर्षं, कोणाची परवानगी न घेता, उघडपणे आणि अडथळ्याविना ये-जा करत राहिले, तर मालकाने ती जनतेला देऊन टाकली असं गृहीत धरता येतं. वर्षातला तो एक दिवस आणि ‘ही वाट परवानगीने आहे’ ही पाटी, दोन्ही मिळून तो दावा उभाच राहू देत नाहीत. बांधावरच्या वाटेचे वहिवाटीचे खटले आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतात, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन उमगावं. भारताच्या १८८२ च्या इझमेंट ॲक्टमध्येही मुदत २० वर्षांचीच आहे. फक्त तिथे हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर मिळतो, आणि इथे तो वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

तिकिटाच्या वाटेला मी कमी लेखत नाही. यॉर्कशरमधलं इंगलटन घ्या. तिथला धबधब्यांचा मार्ग १८८५ साली खुला झाला आणि रेल्वेने झुंडीच्या झुंडी तिथे उतरू लागल्या. साधारण सात किलोमीटरचा हा फेरा ट्विस नदीच्या काठाने, स्विला ग्लेनच्या झाडीतून वर चढतो आणि डो नदीच्या काठाने गावात परततो. वाटेत थॉर्नटन फोर्स लागतो, १४ मीटरचा. त्याच्या कड्यात आडवे चुनखडीचे थर खालच्या तिरक्या उभ्या, कितीतरी जुन्या खडकांवर टेकलेले दिसतात. दोन्हींच्या मधल्या रेघेत कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे. घळीतल्या ओल्या पायऱ्या, कठडे, पूल सतत दुरुस्त करावे लागतात, आणि तिकिटाचे पैसे मला तिथे सार्थ वाटतात. भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन हाय फोर्सला जायचं असेल तर मी उत्तर काठच सुचवेन.

पार्किंगचे पैसे मात्र यात मिसळू नका. अल्सवॉटर तलावाजवळच्या एरा फोर्स धबधब्याला नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था गाडी लावण्याचे पैसे घेते, धबधबा पाहण्याचे नाही.

ओळखायचं कसं? ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० च्या एक्सप्लोरर नकाशावर हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी आणि परवानगीच्या नारिंगी रेघांनी दाखवतात. काळी तुटक रेघ एवढंच सांगते की जमिनीवर वाट दिसते, हक्काबद्दल काहीच नाही. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे पब्लिक फुटपाथ, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा असलेला ब्रायडलवे. फोनवरच्या ॲपमध्ये कोणीतरी चालून टाकलेला मार्ग कायद्याचा पुरावा नव्हे.

रानात शिरताना हे जास्त जपावं लागतं. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ आणि सार्वजनिक कुरणांवर वाट सोडूनही पायी हिंडायची मोकळीक दिली, पण जंगल सरसकट त्यात आलं नाही. सरकारी वनखात्याने स्वतःहून खुली केलेली पुष्कळ रानं आहेत, नकाशावर ती वेगळी रंगवलेली असतात. बाकी रानात वाटेपुरताच हक्क. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि कितीतरी मोकळा आहे, तिथले अनुभव इथे लावू नयेत.)

हक्काच्या वाटेवर तारा किंवा कुलूप आडवं आलं, तर अडथळ्याला जवळूनच वळसा घालून पुढे जाता येतं. जागेचा फोटो काढून परगणा कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे विभागाकडे तक्रार करा. वाट मोकळी करून घेणं हे त्यांचं कायदेशीर काम आहे. परवानगीच्या वाटेवर कुलूप दिसलं तर मागे फिरा आणि नकाशावर जवळची हिरवी रेघ शोधा.