केरसुणीच्या आधी पाणी

नवरात्र जवळ आलं की जुन्या नाशकातल्या वाड्यांत दसरा काढायची लगबग सुरू होते. आमच्या मामींच्या पोटमाळ्यावर तीन पिढ्यांची अडगळ आहे: फुटकी कणगी, पितळी घंगाळ, कुणाच्या तरी लग्नातले पाट. या सगळ्याखाली उंदरांच्या वाळक्या लेंड्यांचा थर. मामी तोंडाला पदर बांधून केरसुणी घेऊन शिडी चढल्या, तेव्हा मी खालून ओरडलो, "मामी, झाडू नका. आधी पाणी मारा!"

"पाणी मारलं की चिखल होतो. तुझं विज्ञान खालीच ठेव."

तर ते इथे ठेवतो.

उंदरांकडून माणसाला होणाऱ्या हंटा विषाणूचं नाव आपल्याकडे पोचलं ते व्हॉट्सअ‍ॅपवरून. मार्च २०२० मध्ये चीनच्या युनान प्रांतातून निघालेल्या बसमध्ये एक माणूस दगावला, तपासणीत हंटा निघाला आणि दुसऱ्या दिवशी 'करोनाचा भाऊ आला' म्हणून फॉरवर्ड फिरू लागले. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा याच आजारानं गेल्या आणि पुन्हा तीच हाकाटी. हा विषाणू नवा नाही. कोरियन युद्धात (१९५०-५३) संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले सुमारे ३,००० सैनिक ताप, रक्तस्राव आणि निकामी मूत्रपिंडांनी आजारी पडले होते. कारण सापडायला १९७६ उजाडलं. हो वांग ली या कोरियन संशोधकांना ते शेतातल्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसात सापडलं. तिथल्या हंतान नदीवरून नाव पडलं.

गंमत अशी की या कुळातला एक विषाणू त्याआधीच, १९६४ मध्ये, आपल्या वेल्लोरला सापडला होता, तोही चिचुंद्रीत. तो हंटाचा सोयरा आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि चिचुंद्री उंदीर नव्हेच, ती किडे खाणाऱ्या प्राण्यांतली. पण ते असो.

उंदीर म्हटलं की आपल्याला प्लेग आणि लेप्टो आठवतात. ते दोन्ही जिवाणूंचे आजार, त्यांवर प्रतिजैविकं चालतात. हंटा विषाणू आहे, त्याला ती गोळी लागू नाही. आणि तो पिसवांतून येत नाही, मुख्यतः श्वासातून येतो. उंदराच्या मुतात, लेंडीत, लाळेत असतो. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, जन्मभर विषाणू बाळगून हिंडतो. लघवी वाळते, धुळीत मिसळते, केरसुणी फिरते आणि ती धूळ थेट आपल्या फुप्फुसात जाते.

आता मला ज्याचं सगळ्यात नवल वाटतं ते सांगतो. कितीतरी विषाणू ज्या पेशीत शिरतात तिचा फडशा पाडतात. हंटा तसं करत नाही. तो रक्तकेशिकांच्या अस्तराच्या पेशींत बसतो, आपल्या प्रती काढतो आणि पेशीला जिवंत ठेवतो. भिंत पडलेली नाही, तरी या आजारात फुप्फुसात पाणी भरतं. ते येतं कुठून?

केशिकेची भिंत एका पेशीच्या जाडीची. शेजारच्या पेशी कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, भोंडल्याच्या फेरातल्या मुलींसारख्या. कधीकधी शरीरालाच हा फेर सैल करावा लागतो, उदाहरणार्थ जखम भरताना. तो हुकूम देणारा एक रेणू म्हणजे व्हीईजीएफ. हुकूम अति होऊ नये म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरचं बीटा-३ इंटेग्रिन नावाचं प्रथिन लगाम धरून असतं. माणसाला आजारी पाडणारे हंटा विषाणू पेशीत शिरायला नेमकं हेच बीटा-३ पकडतात, तेही ते दुमडलेल्या, निष्क्रिय अवस्थेत असताना. लगाम तिथेच अडकतो. मग एरवी पचलं असतं एवढं व्हीईजीएफही जास्त होतं. कॅडहेरिन पेशीच्या आत ओढलं जातं, हात सुटतात, फटी पडतात, रक्तातला द्रव पाझरतो. फुप्फुसात पाणी साचलं की प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू कमी पडला की शरीर आणखी व्हीईजीएफ तयार करतं! प्रॉस्पेक्ट हिल नावाचा याच कुळातला एक विषाणू बीटा-३ ऐवजी बीटा-१ वापरतो. त्याच्यामुळे माणसं आजारी पडताना दिसत नाहीत. अर्थात सगळा दोष इंटेग्रिनचा नाही. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा त्यात किती हात, यावर अजून वाद चालतात.

रक्तातल्या बिंबिकांवरही (प्लेटलेटवर) हेच बीटा-३ असतं, म्हणजे विषाणूला तिथेही पकड मिळते. प्लेटलेट कमी होणं हे या आजाराचं ठळक लक्षण आहे, डेंग्यूसारखंच. इथे कुणी पपईच्या पानांचा रस सुचवण्याआधी सांगतो: पाझर थांबवण्याशी त्या रसाचा काही संबंध नाही. आणि आपल्याकडची 'डॉक्टर, एक सलाईन लावाच' ही सवय तर इथे जिवावर बेतू शकते. वाहिन्या गळत असताना वरून ओतलेलं सलाईन फुप्फुसातच उतरतं. द्रव मोजून द्यावा लागतो. नेमकं औषध नाही. वेळेवर अतिदक्षता विभाग, लागलं तर रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू देणारं एक्मो यंत्र, एवढंच हाती आहे. फुप्फुसांच्या प्रकारात सुमारे ३८ टक्के रुग्ण दगावतात. आशियातल्या मूत्रपिंडांच्या प्रकारात बरेच कमी.

आकडा भीतीदायक आहे, पण रुग्ण किती? १९९३ ते २०२२ या ३० वर्षांत अख्ख्या अमेरिकेत ८६४. १९९३ च्या तिथल्या साथीआधी एल निनोमुळे पाऊस चांगला झाला होता, चिलगोज्यासारख्या पिन्योनच्या बिया भरपूर पिकल्या आणि उंदरांची पैदास वाढली. प्रत्येक विषाणूचा उंदीर साधारण ठरलेला असतो. अमेरिकेतला तो हरणउंदीर आपल्या निफाड-दिंडोरीत नाही. माणसाकडून माणसाला लागणारा प्रकार दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू. हंटाचाच सोल विषाणू मात्र गटारातल्या तपकिरी उंदराबरोबर जहाजांतून जगभर गेला आहे. तामिळनाडूत उंदीर पकडणाऱ्या इरुळा लोकांच्या आणि गोदाम कामगारांच्या रक्तात हंटाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली आहेत. म्हणून धान्याची गोदामं, बंद पडलेल्या चाळी आणि पोटमाळे झाडणाऱ्यांनी हे वाचावं.

उंदीर मारत बसण्यापेक्षा भोकं बुजवणं जास्त उपयोगाचं. पेन्सिलीएवढ्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. भांडी घासायची लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंट लिंपायचं. भिंतीत लावायची 'अल्ट्रासॉनिक' यंत्रं घेऊन पैसे घालवू नका, उंदरांना त्या आवाजाची सवय होते.

सफाईआधी झरोके अर्धा तास उघडे. हातात रबरी मोजे. एक भाग लिक्विड ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून थर पूर्ण भिजवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने पुसून घ्यायचं. विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते ब्लीचने मोडतं. व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो धूळ मागून बाहेर फेकतो.

मामींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ओझरच्या भाच्याला फोन लावला: "द्राक्षांचा फवारणीचा पंप घेऊन ये रे." जोराच्या फवाऱ्याने आधी धूळच उडेल, असं मी म्हटलं. मग तुळशीला पाणी घालायची झारी वर गेली.