आठवड्याला एक उंदीर हे आलं कुठून?

पाळलेला साप महिनाभर जेवला नाही की माणसं घाबरून जातात, ती काळजी मला पूर्ण कळते, पण आठवड्याला एक उंदीर हे टाइमटेबल सापाने ठरवलेलं नाही हे आधी लक्षात घ्या.

जंगलात दबा धरून बसणारा टिंबर रॅटलस्नेक हा अमेरिकेतला विषारी साप वर्षभरात साधारण ६ ते २० वेळाच खातो, बाकी दिवस नुसता पडून. बर्मीज अजगराचं तर शरीरच उपासाला सरावलेलं, पोट रिकामं असताना आतडं आक्रसतं आणि मोठं सावज गिळलं की दोन दिवसांत हृदय ४० टक्क्यांनी वाढतं, हे २००५ साली मोजलं गेलंय. आणि सगळे साप उंदरावर जगतात असंही नाही हो, किंग कोब्रा दुसरे साप खातो, हॉगनोज नावाच्या सापाला भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) लागतो, गार्टर स्नेक हा छोटा साप बेडूक, मासे, गांडुळं खातो.

लंडन झूमध्ये १८४९ ला जगातलं पहिलं रेप्टाइल हाऊस उघडलं तेव्हा सापांना जिवंत प्राणीच घालायचे, लोक ते बघायला यायचे, पुढे क्रूरपणा म्हणून ओरड झाली. मग विसाव्या शतकात लॅबसाठी पांढरे उंदीर ढिगाने पैदा व्हायला लागले आणि साप पाळणाऱ्यांना सोयीचं खाणं मिळालं. जिवंत उंदीर पिंजऱ्यात टाकला तर तोच सापाला कुरतडतो, वाईट जखमा होतात, म्हणून फ्रोजन उंदीर आले, आणि हे फार चांगलं झालं असं माझं ठाम मत आहे. फक्त आठवड्याला एक उंदीर हे वाढत्या पिल्लांचं टाइमटेबल मोठ्या सापालाही तसंच चालू ठेवलं की तो हलत नाही नि खात राहतो, अंगावर चरबी चढते, लिव्हर खराब होतं.

मेलेला उंदीर कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने धरला की बॉल पायथन, म्हणजे लोक घरी पाळतात तो छोटा अजगर, ओठांवरच्या खळग्यांनी ती ऊब ओळखतो, जीभ दोनदा बाहेर काढतो आणि झडप घालून मेलेल्यालाच वेटोळं घालतो. हॉगनोज मात्र नुसत्या उबेला भुलत नाही, त्याच्यासाठी बऱ्याचदा उंदरावर भेकाचा वास चोळावा लागतो.

२०१२ साली तर एका प्रयोगात बोआ सापांना (हेही अजगरासारखे सावज आवळून मारतात) मेलेले उंदीर दिले, आत नकली धडधडणारं हृदय बसवून, तर धडधड चालू असेपर्यंत ते जास्त वेळ आवळत राहिले, आणि ज्या सापांनी जन्मात जिवंत सावज पकडलं नव्हतं त्यांनीही हेच केलं.