मॉनिटरिंग आहे ना आपल्याकडे, मग कॅपॅसिटी मॅनेजमेंट कशाला?

बजेटच्या मीटिंगमध्ये कॅपॅसिटी मॅनेजमेंट हा शब्द काढला की समोरून हा प्रश्न येणारच, "मागच्याच वर्षी मॉनिटरिंगचं टूल घेतलं ना, मग हे आणखी काय?" आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्याची फारशी चूक नसते. दोन्हीकडे तेच ग्राफ, तेच सीपीयू, मेमरी, डिस्कचे आकडे, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात. त्यात आयटी सेवा कशा चालवाव्यात हे सांगणारी आयटीआयएल नावाची जी चौकट आहे, तिच्या २०१९ ला आलेल्या चौथ्या आवृत्तीने या कामाचं नावच 'कॅपॅसिटी अँड परफॉर्मन्स मॅनेजमेंट' असं जोडून ठेवलं, म्हणजे गोंधळावर शिक्काच बसला म्हणा ना.

मी स्वतः याच प्रश्नावर तोंडघशी पडलोय. भरपूर स्लाइड्स, रंगीत ग्राफ, सगळं झाल्यावर फायनान्सच्या मॅडम म्हणाल्या, "म्हणजे अजून चांगलं मॉनिटरिंग, बरोबर?" आणि मी घाईघाईत हो म्हणून बसलो. प्रस्ताव तिथेच मेला, कारण असलेल्या गोष्टीसाठी परत पैसे कोण देणार.

तर फरक काय. मॉनिटरिंग सांगतं की आत्ता काय चाललंय आणि कुठे बिघडलंय. कॅपॅसिटी मॅनेजमेंट सांगतं की आहे ते कधीपर्यंत पुरेल, नाही पुरलं तर किती घ्यायचं, कधी ऑर्डर द्यायची, आणि हो, जे उगाच पडून आहे त्यातलं काय परत करायचं. हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार तोच असतो, त्यावर पुढे येतो.

स्टोरेजचं उदाहरण घ्या. समजा १० टीबी आहे, ६.२ भरलंय आणि दर महिन्याला ०.२ वाढतंय. मॉनिटरिंगचा अलर्ट ९० टक्क्यांवर लावलाय, म्हणजे तो वाजणार १४ महिन्यांनी, आणि त्यानंतर डिस्क पूर्ण भरायला फक्त ५ महिने उरणार. आता कोटेशन, मंजुरी, डिलिव्हरी, बसवणं, डेटा हलवणं हे सगळं मिळून ६ महिने लागत असतील तर अलर्ट अगदी वेळेवर वाजूनही तुम्ही उशिराच आहात. मॉनिटरिंगने काही चूक केलेली नाही, त्याला ऑर्डर द्यायला किती वेळ लागतो हे माहीतच नसतं, ते गणित दुसऱ्या कोणीतरी करायचं असतं. आणि हे गणित सरळ रेषेचं आहे, मध्येच बिझनेसवाल्यांनी नवीन स्कीम काढली आणि प्रत्येक ग्राहकाचे चार-चार स्कॅन ठेवायचे ठरले की ०.२ चं ०.५ होतं, मग १४ महिने कसले, ६ महिन्यांच्या आतच अलर्ट. ही बातमी कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाही, ती मीटिंगमध्ये बसून काढावी लागते. जुन्या आयटीआयएल मध्ये कॅपॅसिटीचे तीन थर होते, बिझनेस, सर्व्हिस आणि कंपोनंट (म्हणजे सर्व्हर, डिस्क असे सुटे भाग), त्यातला सगळ्यात वरचा बिझनेसचा थर नेमका यासाठीच होता, आणि आपण सगळे अजून कंपोनंटमध्येच अडकलेलो.

"पण डेटा तर मॉनिटरिंगमध्येच आहे की." आहे, पण किती दिवसांचा? प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं टूल नुसतं इन्स्टॉल करून सोडून दिलं तर ते १५ दिवसांचाच डेटा ठेवतं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरचं मॉनिटरिंग म्हणजे क्लाउडवॉच, त्यात एका मिनिटाचे आकडे १५ दिवस राहतात, मग ते पाच-पाच मिनिटांचे होऊन ६३ दिवसांपर्यंत, आणि पुढे तासातासाचे होऊन १५ महिने. काल काय बिघडलं ते शोधायला एवढं पुष्कळ झालं. पण मागच्या वर्षीच्या वर्षअखेरीला त्या एका तासात नेमका किती लोड होता हे बघायला जाल तर १५ दिवसांच्या डेटात वर्षअखेर सापडणारच नाही, आणि तासाच्या सरासरीत ती दहा मिनिटांची उसळी विरघळून गेलेली असते, जास्तीत जास्तचा आकडा वेगळा मागवला तरच ती हाती लागते. वर्षभराची शिखरं मुद्दाम जपून ठेवायची हे कॅपॅसिटीवाल्याचं काम.

सरासरीवरून आठवलं, सगळ्यात मोठी फसगत इथे होते. "सर्व्हर सरासरी ३५ टक्केच चालतोय, भरपूर जागा आहे." अहो, पण गर्दीच्या तासात तो ८५ वर जातो ना! रांगेचं एक साधं सूत्र आहे, एका कामाला लागणारा मूळ वेळ भागिले (१ वजा वापर). म्हणजे वापर ५० टक्के असेल तर मूळ वेळेच्या दुप्पट लागतो, ८० ला पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. आता ८५ टक्क्यांवर साधारण पावणेसातपट लागतोय आणि ग्राहक फक्त १० टक्के वाढले, तर वापर ९३.५ होतो आणि वेळ थेट पंधरापटीच्या वर जातो. लोड दहा टक्के वाढला, थांबणं दुपटीहून जास्त वाढलं. हे सूत्र एका रांगेचं आणि एका काउंटरचं आहे, प्रोसेसरचे कोअर, म्हणजे काउंटर, जास्त असतील तर वेळ एकदम चढू लागण्याचं वळण उशिरा येतं, पण येतं तेव्हा आणखी झटक्यात येतं. हा काही नवा शोध नाही, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ मध्ये कॉल्सच्या गर्दीचं गणित छापलं होतं, आपण शंभर वर्षांनी तोच धडा आउटेज झाल्यावर, म्हणजे सिस्टीम बंद पडल्यावर, शिकतोय.

फायनान्सवाल्यांना हे वळण दाखवा, खरंच. एकच ग्राफ. "अजून १५ टक्के शिल्लक आहेत" या वाक्यातली हवा तिथेच जाते.

मोठं उदाहरण पाहिजे असेल तर अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. एकाच वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाखांच्या आसपास असं तिथल्या अधिकाऱ्यांनीच नंतर सांगितलं. नुसती कॅपॅसिटी कमी पडली असं नाही, सॉफ्टवेअरमध्येही पुष्कळ घोळ होते. पण अंदाज आणि वास्तव यांच्यातली ती चौपट दरी लाँचनंतर कितीही अलर्ट वाजले असते तरी भरून निघणार नव्हती.

मग कोणीतरी म्हणतंच, "आपण क्लाउडवर आहोत, ऑटोस्केलिंग आहे, आपोआप वाढतं." वाढतं ना, बिल पण आपोआप वाढतं. आणि वेब सर्व्हर दोनाचे वीस झाले तरी मागे डेटाबेस एकच असेल आणि त्याच्या कनेक्शनची मर्यादा ठरलेली असेल तर नवे अठरा सर्व्हर त्याच दारात रांग लावतात. शिवाय क्लाउडवर स्वस्त दर मिळतो तो १ किंवा ३ वर्षांची हमी दिली तर, आणि किती हमी द्यायची हे ऑटोस्केलिंग नाही सांगत. कमी दिली तर चढ्या दराने भरा, जास्त दिली तर न वापरता भरा.

आता पैशाची बाजू. आपण सगळे "आउटेज टळेल" याने सुरुवात करतो, मीही केली होती, पण न झालेल्या आउटेजचे पैसे फायनान्सला कुठल्याच खात्यात दिसत नाहीत. सुरुवात करायची ती परत करता येण्यासारख्या गोष्टींनी, म्हणजे प्रोजेक्ट संपला तरी चालू असलेली मशीन्स, गरजेपेक्षा चौपट मेमरी घेऊन बसलेले व्हर्च्युअल सर्व्हर, आणि खास करून कोअरवर मोजलं जाणारं डेटाबेसचं लायसन्स, कारण तिथे १६ चे ८ कोअर करता आले तर हार्डवेअरपेक्षा लायसन्समध्ये जास्त वाचतं आणि दर वर्षीच्या सपोर्टमध्येही वाचतं. मग पुढे ढकलता येणारी खरेदी. मग घाईची खरेदी, अडला हरी झालो की व्हेंडर सवलत देत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आउटेज सगळ्यात शेवटी, आणि तेही एकच आकडा न ठोकता, कमीत कमी इतकं ते जास्तीत जास्त इतकं असं.

आणि खर्चही लपवू नका, माणसाचा वेळ हा त्यातला सगळ्यात मोठा. पाच-सात सर्व्हरचंच दुकान असेल तर एक स्प्रेडशीट आणि महिन्यातला अर्धा दिवस पुरतो, तिथे टूलसाठी बिझनेस केस लिहिणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दुसऱ्या वेळी मी एकच पान नेलं. टूलचं नाव नाही, एकही डॅशबोर्ड नाही. सगळ्यात महागडी एक सिस्टीम निवडली आणि तिच्याबद्दल तीन ओळी लिहिल्या, काय आत्ताच परत करता येईल, काय कधी संपेल, आणि त्यासाठी ऑर्डर कोणत्या महिन्यात द्यावी लागेल. खाली लिहिलं की तीन महिन्यांनी माझा अंदाज आणि खरा आकडा शेजारी शेजारी ठेवून दाखवतो, चुकलो तर बंद करा. त्याच मॅडमनी विचारलं, "हे मॉनिटरिंगमधून नाही का कळत?" यावेळी मी नाही म्हणालो आणि स्टोरेजचं वरचं गणित कागदावर करून दाखवलं. त्यांनी टूलचं विचारलंच नाही, अर्ध्या वेळेसाठी एक माणूस दिला, तीन महिन्यांपुरता.