एपीएल: रेमिशनच्या तपासणीसाठी फाइलमध्ये काय हवं आणि रेल्वे सवलत कशी मिळते

अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल, हा रक्ताचा कॅन्सर वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांचा बरा होतो. घोळ होतो तो तपासण्यांच्या तारखांचा.

एट्रा आणि आर्सेनिक ही औषधं सुरू केल्यावर साधारण चार-पाच आठवड्यांनी, रक्तपेशी सावरल्या की बोन मॅरोचा (अस्थिमज्जेचा) नमुना काढतात. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 1,000च्या वर, प्लेटलेट 1 लाखाच्या वर आणि मॅरोत ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, 5 टक्क्यांखाली असतील तर रेमिशन, म्हणजे रोग आटोक्यात. त्याआधी मॅरोची घाई नको. ही औषधं बिघडलेल्या पेशींना पिकवतात. अर्धवट पिकलेल्या पेशी दिसल्या की उपचार फसल्यासारखं वाटतं. तेव्हाची पीएमएल-आरएआरए पीसीआर (या रोगाचं बिघडलेलं जनुक शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणूनही रडारड करू नका. खरा निकाल कन्सोलिडेशन, म्हणजे रेमिशननंतरचे उपचार, संपल्यावरचा, तो मात्र निगेटिव्हच हवा. नाही आला तर काही आठवड्यांत दुसरा नमुना घेऊन खात्री करतात. सुरुवातीला पांढऱ्या पेशी 10,000च्या वर होत्या त्यांची तपासणी पुढेही ठरावीक अंतराने चालते.

फाइलमध्ये सगळ्यात वर निदानाच्या वेळचा पीसीआर रिपोर्ट ठेवा. त्यात लिहिलेला ट्रान्सक्रिप्टचा (त्या बिघडलेल्या जनुकाच्या नकलेचा) प्रकार नव्या लॅबला लागतो, आणि घरात नेमका तोच सापडत नाही. सोबत डिस्चार्ज समरी, औषधांच्या तारखा, ताजा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट). शक्यतो लॅब बदलू नका.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला मिळतं, कुटुंबात तिघांपर्यंत असल्यास 2.5 लाख रुपयांपर्यंतचं, चौघे किंवा जास्त असल्यास 4 लाखांपर्यंतचं विमा संरक्षण. नुसती पीसीआर त्यात बसते का, हे गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) योजना काउंटरवर आधीच विचारा.

उपचार किंवा तपासणीसाठी मुंबईला जायचं असेल तर रेल्वेची कॅन्सर सवलत घ्या, ती फेरतपासणीलाही लागू आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो मान्यताप्राप्त कॅन्सर रुग्णालयातल्या अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी मिळतो. म्हणून डॉक्टरांनी पुढची तारीख दिली की तिथल्या तिथे दाखला मागा. नुसत्या कागदासाठी पुन्हा मुंबई कोण करणार? तत्काळमध्ये ही सवलत नाही आणि तिकीट मोबाइलवर निघत नाही. मूळ दाखला घेऊन मडगाव किंवा थिवीच्या आरक्षण खिडकीवरच उभं राहावं लागतं.